पावनखिंड मोहिमेआधी वजन उतरवायचंय, पण रविवारची मिसळ सोडायची नाही. कसं जमवावं?

शाहूपुरीकर
नमस्कार मंडळी. जुलैतल्या पन्हाळा–पावनखिंड मोहिमेला कोल्हापुरातून सात-आठ जणांचा गट निघणार आहे. वयं ३५ ते ४५, सगळी बैठ्या कामाची माणसं. उंची सरासरी १७० सेंमी, वजन ८४ किलोच्या घरात, कंबर ३८ इंच. हातात सोळा आठवडे आहेत. दोन दिवसांची चाल, वरून पाऊस, खाली चिखल.

विचारायचं असं की सोळा आठवड्यांत खरोखर किती उतरेल? रविवारची मिसळ आणि महिन्यातून दोन-तीनदा तांबडा-पांढरा रस्सा ठेवून जमेल का? आणि व्यायाम कुठला करावा: जिम, तालीम की नुसतं चालणं? "भात बंद करा, सकाळी मध-लिंबू प्या" हे घरोघरी फुकट मिळतं, ते सोडून सांगा.

मटकीउसळ
मिसळ सोडणाऱ्याला मोहिमेत घेऊच नका. दुसऱ्या दिवशी तोच सगळ्यांच्या डब्यात डोकावेल.

वजनकाटा
आधी हिशेब. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. सोळा आठवडे म्हणजे ११२ दिवस. सहा किलोसाठी रोज साधारण ४१० कॅलरींची तूट लागते (म्हणजे खर्चापेक्षा तेवढं कमी खाणं), दहा किलोसाठी जवळजवळ ६९०. पहिली घरच्या जेवणात सहज बसते. दुसरी कागदावर बसते, पण तिसऱ्या आठवड्यापासून चिडचिड, रात्री फ्रीज उघडणं आणि पायातलं बळ जाणं सुरू होतं. फार वेगाने उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि डोंगर चढायला तेच हवे असतात. म्हणून ५ ते ७ किलो धरा.

८४ वरून ७८ वर आलात तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २९ वरून २७ होतो. आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त धरतात, तेव्हा पुस्तकी आकड्यापासून अजून लांबच असाल. पण चढावर सहा किलो कमी म्हणजे भरलेली सॅक पाठीवरून उतरवल्यासारखं आहे. कंबरेकडे जास्त लक्ष द्या. पुरुषांची ९० सेंमीच्या आत, बायकांची ८० च्या आत हवी. टेप बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

काट्यावर रोज सकाळी उभं राहा, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. आकडा लिहा, पण निर्णय आठवड्याच्या सरासरीवर घ्या. शनिवारी रात्री रस्सा झाला की रविवारी काटा किलोभर वर जातो. ते मीठ आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी, शिवाय पोटातलं अन्न. मंगळवार-बुधवारपर्यंत उतरतं. त्या आकड्याला घाबरून सोमवारी उपास धरला की मंगळवारी दुप्पट खाल्लं जातं.

पेठेतलाभावा
हिशेब नाद खुळा केलासा. आता मिसळीचा पण करा की. आमच्याकडं कट (मिसळीवरचा तिखट, तेलाचा लाल रस्सा) मागून घ्यायची रीत हाय, वाटी रिकामी दिसली की पोरगं परत ओतून जातंय. त्याचं काय?

वजनकाटा
@पेठेतलाभावा, तिथेच सगळं आहे. एका प्लेटीचं गणित (अंदाजे): शिजलेली मटकी १०० ग्रॅम, १३५ कॅलरी. फरसाण ४० ग्रॅम, २१०. कटातलं तेल दोन मोठे चमचे, २४०. ब्रेडच्या दोन स्लाइस, १५०. झाले ७३५. कट दोनदा वाढून घेतला तर सहज हजार.

आता तीच प्लेट फिरवा. मटकी १५० ग्रॅम (२००), फरसाण २० ग्रॅम (१०५), तेल एक मोठा चमचा (१२०), ब्रेड एक (७५). ५०० झाले. पोट जास्त भरतं, कारण मटकी दीडपट आहे, आणि प्रथिनं १३ ग्रॅमच्या आसपास जातात. मिसळीत मटकी निर्दोष आहे, भर घालतात ते कट आणि फरसाण.

चुलीवरची
हॉटेलात चमचे मोजता येणार नाहीत, पण घरी येतात. तेल कमी केलं की रंग जातो आणि मग घरची मंडळी तोंड वाकडं करतात, ही खरी अडचण. त्यावर उपाय आहे. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. तेव्हा आहे त्या थोड्या तेलात तो नीट उतरवायचा.

चार माणसांना कोरडी मटकी २०० ग्रॅम, भिजवून मोड आणलेली. तेल एकूण चार मोठे चमचे, बाटलीतून धार नको, चमच्याने मोजून. कांदे जाळावर भाजा, तेलात तळू नका. वाटण एक चमचा तेलात परता आणि खाली लागायला लागलं की पाण्याचा हबका मारा, तेल नाही. उरलेलं तीन चमचे तेल छोट्या कढईत गरम करा, गॅस बंद करा, धूर पूर्ण बसू द्या. मग दोन लहान चमचे कांदा-लसूण चटणी आणि एक लहान चमचा ब्याडगी तिखट घाला. तेल फेसाळतं, रंग सुटतो. लगेच अर्धी वाटी गरम पाणी ओता. हे पाणी ओतायला वेळ लागला की चटणी करपते, कट काळपट होतो आणि घशाला लागतो. तो सुधारत नाही, पुन्हा करायला लागतो. चटणी कडकडीत तेलात टाकली तरी तसंच. हा कट उकळत्या रश्श्यात सोडला की वर तांबडा थर येतो, चार ताटांना पुरतो.

आणि सुकं खोबरं विसरू नका. तेल मोजणारी मंडळी वाटणात अर्धी वाटी खोबरं डोळे झाकून घालतात. ४० ग्रॅम सुकं खोबरं म्हणजे २६० कॅलरी, दोन चमचे तेलापेक्षा जास्त. निम्मं खोबरं घालून उरलेल्या दाटपणासाठी दोन चमचे शिजलेली मटकीच वाटून लावा.

रस्सामास्तर
चुलीवरची ताईंच्या खोबऱ्यावरून पांढऱ्या रश्श्याची गोष्ट निघते. तांबड्यावर तर्री (तरंगणारं लाल तेल) दिसते म्हणून लोक तो टाळतात आणि "हलका" म्हणून पांढऱ्याच्या तीन-चार वाट्या पितात. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस, आणि खाली मटणाची अळणी (मटण शिजवलेलं पाणी). चरबी सगळीकडे आहे, फक्त रंग नाही, म्हणून दिसत नाही. दोन्हीची एक-एक वाटी घ्या.

घरी करायचं असेल तर अळणी आदल्या रात्री शिजवून गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीची पांढरी साय घट्ट बसलेली असते. चमच्याने कडेपासून सोडवली की अख्खी चकती निघते. चवीसाठी थोडी राहू द्या, बाकी काढा. अळणीची चव खाली पाण्यात असते, ती कमी होत नाही. आणि पीस मोजून घ्या. मटण शत्रू नाही, सुक्क्यातलं तेल आणि बरोबरचा भाताचा डोंगर आवरायचा.

मटकीउसळ
भाताचा डोंगर म्हणजे पन्हाळ्याची पूर्वतयारी म्हणायची.

दोनदाच
एवढी मोजामोज कशाला? दिवसातून दोनदाच जेवा, मधे काही नाही. कॅलरी आपोआप कमी. चहाबरोबरची खारी, चार वाजताचा वडा, रात्रीचा चिवडा, सगळं सुटतं. साधं आहे म्हणून टिकतं.

गोळीऔषध
@दोनदाच, ज्यांना झेपतं त्यांना उपयोग होतो, मान्य. कारण तुम्हीच लिहिलंत, मधलं खाणं सुटतं. वेळेत जादू नाही. दोन जेवणांत चार जेवणांचं खाल्लं तर वजन हलत नाही.

पण सरसकट सल्ला म्हणून देऊ नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि जेवण चुकवलं तर साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. रिकाम्या पोटी चढावर हे झालं तर अवघड. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यायचा, मग वेळा बदलायच्या. गटात चाळिशीच्या पुढे कुणी असेल तर सुरुवातीलाच रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. चढताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर "गॅस असेल" म्हणून पुढे चालायचं नाही. थांबायचं आणि थेट दवाखाना.

एकादशीचाही उल्लेख करतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावाला. दाण्याचं कूट, तूप, बटाटा धरून खिचडीची मोठी प्लेट ५०० च्या पुढे जाते. उपास धरा, पण तो वजनाच्या खात्यात लिहू नका.

लालमाती
व्यायामाच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही. जिमची सक्ती नाही. जोर आणि बैठका नीट केल्या तर चढणीला लागणारं निम्मं काम होतं.

बैठका: पाय खांद्याएवढे, पाठ ताठ, खाली जाताना दोन-तीन सेकंद, वर येताना एक. तालमीतला गडी टाचा उचलून वेगाने मारतो, ते नवख्याने करू नये. टाचा जमिनीवर, मांडी जमिनीला समांतर होईपर्यंतच. गुडघे आत पडतात ही नेहमीची चूक, त्यानेच वाटीभोवती दुखतं. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. सुरुवात १० च्या तीन फेऱ्या, आठवड्यात तीन दिवस. दर आठवड्याला फेरीत दोन-तीन वाढवा.

जोर: कंबर लोंबते आणि मग पाठ धरते. पोट आवळून ठेवा. जमिनीवर पाच पण येत नसतील तर ओट्यावर किंवा पायरीवर हात टेकवून मारा, दोन आठवड्यांत एक पायरी खाली या. खांदा दुखत असेल तर अंग घुसळणारा जोर सोडून साधा, सरळ दंड.

पहिल्याच दिवशी ईर्ष्येने २०० बैठका मारू नका. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही हे एक. दुसरं गंभीर आहे: मांड्या सुजल्या आणि लघवी चहासारखी काळपट झाली तर स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आलेला असतो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पेठेतलाभावा
वस्ताद, मग खुराक पण सांगा. गंगावेशीत म्हशीचं धारेचं दूध, बदामाची थंडाई. जोर मारलं तर खुराक पायजेच की.

लालमाती
खुराक मेहनतीवर असतो, भावा. पैलवान पहाटे आणि संध्याकाळी मिळून चार-पाच तास घाम काढतो. अर्धा तास जोर-बैठका करणाऱ्याने त्याचा खुराक घेतला की तुपाचं पोट होतं. म्हशीचं २५० मिली दूध अडीचशे कॅलरींच्या पुढे, मूठभर बदाम दीडशेच्या पुढे. प्या, पण त्याला अर्धं जेवण समजा आणि संध्याकाळची भाकरी एक कमी करा.

जाडीत ताकद असते असंही नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं ते ५७ किलो गटात. कोल्हापूरच्या मातीत तयार झालेला गडी तो.

गोळीऔषध
धारेच्या कच्च्या दुधाबद्दल: उकळून घ्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजार येऊ शकतात. उकळल्याने प्रथिनं जात नाहीत.

गूळवाला
साखर बंद करून गूळ घ्या, हे कुणी लिहिलं कसं नाही? कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, आपल्या मातीतलं आहे. चहातही गूळ घाला, वजन आपोआप उतरेल.

वजनकाटा
@गूळवाला, चवीला गूळ वरचढ, वाद नाही. पण १० ग्रॅमचा खडा ३८ कॅलरी, तेवढीच साखर ४०. वजनाच्या दृष्टीने दोन्ही एकाच रांगेत. गूळ "पौष्टिक" म्हणून चमचा मोठा होतो, तिथे घोळ होतो. दिवसाचे चार चहा, प्रत्येकी दोन लहान चमचे साखर म्हटलं तर नुसत्या साखरेच्या १६० कॅलरी. दोन चहा आणि एक-एक चमचा केला की १२० वाचल्या, रोजच्या तुटीतला उरलेला जवळजवळ पाऊण हिस्सा चालण्यावर आणि कटावर राहिला.

गूळवाला
पटलं. पण मोहिमेच्या डब्यात गूळ-शेंगदाणे हवेतच.

वजनकाटा
तिथे हवेतच. चालताना ती कमाई आहे.

आक्कांचीभाची
सगळा हिशेब ८४ किलोच्या पुरुषाचा चाललाय. मोहिमेला बायकाही येतात. उंची १५५, वजन ६५ असलेल्या बाईची दिवसाची गरजच कमी, तिने ४०० ची तूट धरली तर ताटात काही उरत नाही. २५०-३०० धरा, आठवड्याला पाव किलो उतरलं तरी चांगलं. पाळीच्या आधी किलो-दोन किलो पाणी साठतं, म्हणून या महिन्याचा आकडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून बघायचा.

चढताना दम लागतो त्याला नेहमी वजनच कारणीभूत नसतं. हिमोग्लोबिन तपासा. पालेभाजी, हुलगा (कुळीथ), मटकी खाताना वर लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा नको, तासाभराचं अंतर ठेवा, चहामुळे लोह कमी शोषलं जातं. आणि घरात एकीने "डाएटचं" वेगळं शिजवायचं, बाकीच्यांनी तेलकट खायचं, असं करू नका. दोन स्वयंपाक महिनाभरही टिकत नाहीत. तेलाचा चमचा सगळ्या घराचाच मोजा.

चुलीवरची
अगदी. घरासाठी सोपं माप: महिन्याला किती लिटर तेल येतं ते लिहून ठेवा आणि माणसांनी भागा. चार माणसांत चार लिटर लागत असेल तर माणशी रोज ३३ मिली, म्हणजे तेलाच्याच २७० कॅलरी. तीन लिटरवर आणलं तर कुणालाही न कळता माणशी ६०-७० कमी होतात.

प्रथिनांचंही आपल्या जेवणातून होतं. ज्वारीच्या तीन भाकरी (६० ग्रॅम पीठ प्रत्येकी) १८ ग्रॅम, मटकीची उसळ १३, दोन अंडी १२, आमटीतली डाळ ९, ग्लासभर दूध ७, दही ५, शेंगदाण्याची चटणी २० ग्रॅम घेतली तर ५. झाले ६९. रात्री पिठलं किंवा हुलग्याचं माडगं घेतलं की ७५. चिकन असेल त्या दिवशी १०० ग्रॅम शिजलेल्या तुकड्यांतून २७ च्या आसपास, मग अंडी-डाळ कमी चालतील.

डोंगरवाट
चालण्याबद्दल. सपाटीवर रंकाळा तलावाभोवती किंवा विद्यापीठाच्या आवारात रोज ४५ मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. पहिले चार आठवडे एवढंच. पाचव्यापासून आठवड्यातून एकदा चढ: जोतिबाचा डोंगर किंवा पायथ्यापासून पन्हाळा, गड आसपासच्या सपाटीपासून ४०० मीटर तरी वर आहे. आठव्यापासून पाठीवर वजन, ३ किलोने सुरू करून ६ पर्यंत. पाण्याच्या बाटल्या भरून न्या, उतरताना त्रास झाला तर ओतून देता येतात.

दम चढताना लागतो, पण पाय उतरताना जातात. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असताना भार झेलतो, त्याने दुसऱ्या दिवशी कडक दुखतं. त्याची सवय करायला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच तीन सेकंदांत हळू खाली टेकवायची आणि वर यायचं. प्रत्येक पायाला ८, दोन फेऱ्या. मोहिमेत दुसरा दिवस याच्यावरच निभावतो.

बूट जुलैत नवे आणू नका. एप्रिलमध्ये घ्या, अर्धा नंबर मोठे, उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. सुती मोजे भिजले की फोड हमखास, सिंथेटिक किंवा लोकरी घ्या, एक जोडी पिशवीत कोरडी. टाचेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन आधीच लावा. त्वचा गरम वाटायला लागली की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावा, फोड झाल्यावर नाही.

मटकीउसळ
आणि डब्यात काय? हा धागा खाण्यावरून सुरू झालाय, विसरू नका.

डोंगरवाट
भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे, केळी. ओली भाजी नको, पावसात पहिल्याच दुपारी आंबते. दर तासाला दोन-चार घोट पाणी आणि मूठभर काहीतरी. पावसात तहान जाणवत नाही, घाम मात्र रेनकोटच्या आत चालूच असतो. ओआरएसच्या दोन पुड्या माणशी. त्या दोन दिवसांत डाएट नाही, तूट धरून चालणारा माणूस दुसऱ्या दुपारी बसतो.

शाहूपुरीकर
मंडळी, मनापासून आभार. गटाने ठरवलं ते असं: लक्ष्य सहा किलो. तेल घरचं मोजून. चहा दोन. सोमवार-बुधवार-शुक्रवार जोर-बैठका, रोज चाल, पाचव्या आठवड्यापासून रविवारी पन्हाळा. मिसळ रविवारी एकदा, कट एकदाच, जादा मागायची ती मटकी. तांबडा-पांढरा महिन्यातून दोनदा, एक-एक वाटी. सगळ्यांच्या शुगर-बीपीच्या तपासण्या या आठवड्यात.

एकच उरलं. रविवारी गड आणि मिसळ एकाच दिवशी आलेत. मिसळ चढण्याआधी की उतरल्यावर?

डोंगरवाट
उतरल्यावर. तेलकट खाणं पोटात जास्त वेळ राहतं, चढताना जळजळ आणि आंबट ढेकर येतात. निघायच्या पाऊण तास आधी एक-दोन केळी किंवा अर्धी भाकरी-दूध. खाली आल्यावर आधी अर्धा लिटर पाणी, दहा मिनिटं बसा, मग मिसळ. तहानेच्या भरात दोन प्लेटी मागवल्या जातात.

पेठेतलाभावा
पहिल्या रविवारी गटाला जागा हाय का? बूट एप्रिलमधीच घेतो.

शाहूपुरीकर
आहे की भावा. पहाटे साडेपाचला निघायचं. शुगर-बीपीचा कागद घेऊन या.